पैठण ते नाणेघाट : आपल्या शिवारावरून गेलेली गाडीवाट

देवालयाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा समितीच्या मंडळींनी ‘गावच्या इतिहासावर चार पाने लिहून द्या’ असा निरोप माझ्याकडे धाडला. आपल्याकडे गावचा इतिहास विचारला की दोन गोष्टी हमखास ऐकावयास मिळतात. एक, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले. दुसरी, मध्येच कोंबडा आरवला म्हणून कळसाचे काम राहून गेले. ह्या गोष्टींना मी हसत नाही. लहानपणी मी स्वतः त्या खऱ्या मानल्या आहेत. परंतु देवळापुढे जी लांबलचक दगडी डोणी होती, ती पांडवांनी कोणासाठी घडविली असेल, ह्याचे उत्तर त्या गोष्टींत सापडत नाही. एका वेळी आठ-दहा बैल ओळीने पाणी पितील एवढी ती डोणी. आपले गाव तेव्हा पंचवीस-तीस उंबऱ्यांचे असेल. गावच्या जनावरांना ओढा होता, विहिरीचा पाट होता. मग ही डोणी कोणाच्या बैलांसाठी? माझे उत्तर असे की, ती वाटसरू बैलांसाठी होती, आणि ती वाट फार जुनी आहे. तिचाच इतिहास येथे सांगतो. गावाचा इतिहास त्यातच आला.

बैल आणि गाडी ह्यांची जोडी आपल्या जिल्ह्यात किती जुनी, ह्याचा पुरावा दुसरीकडे शोधावयास नको. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून गाव आहे. तेथील टेकाडावर १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला तांबेकाशाच्या चार भरीव मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि चौथी म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला हाकणारा माणूस. चारींचे वजन मिळून साठ किलोंच्या वर भरले. त्या मूर्तींचा काळ नेमका कोणता ह्याविषयी संशोधकांत मतभेद आहेत, पण त्या ताम्रपाषाण युगातील, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या, असे पुष्कळांचे मत आहे. आपल्या नदीच्या काठच्या मातीतून जो सर्वांत जुना गाडीवान वर आला, त्याच्याही पुढे दोन बैलच आहेत.

आता व्यापाराच्या वाटेकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातून हिंदुस्थानात व्यापाराला येणाऱ्या एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी माणसाने समुद्रमार्गाचे एक टिपणवजा पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ते प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव कोणासही ठाऊक नाही. त्याने भडोच बंदराचे वर्णन करताना पैठण आणि तेर ही दोन नगरे सांगितली आहेत. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून आणखी दहा दिवसांवर तेर. पैठणहून अकीकासारखे रंगीत खडे मोठ्या प्रमाणावर येत. तेरहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येई. आणि हा सगळा माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखांतून भडोचला आणीत असत, असे तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माणसाने लिहून ठेवलेली ती आपली बैलगाडी!

ज्यांनी स्वतः गाडी हाकली आहे त्यांनी हे वीस दिवसांचे गणित ताडून पाहावे. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. वळणे, घाट, नदीचे उतार धरून ते चारशेच्या पुढे जाईल. वीस दिवसांनी भागले म्हणजे रोजचे वीस किलोमीटर, जुन्या भाषेत सहा-सात कोस होतात. भरलेली गाडी दिवसाला ह्याहून जास्त चालत नाही, आणि चालवली तर तिसऱ्या दिवशी बैल बसतो. तेव्हा त्या परदेश्याने कोणा जाणत्या गाडीवानाकडूनच ही माहिती घेतली असली पाहिजे.

पैठणहून निघालेली गाडी नगर जिल्ह्यातून दोन दिशांनी जाऊ शके. एक दिशा उत्तरेची, प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातून नेवाशाच्या बाजूने पुढे नाशिककडे. नेवाशास पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात उत्खनन केले. त्यात रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे ते कुंभ भूमध्य समुद्राकडचे. ते जहाजातून बंदरावर उतरले आणि तेथून गाडीने किंवा बैलाच्या पाठीवरून प्रवरेच्या काठी आले. ज्या नेवाशात पुढे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरील टीका सांगितली, त्याच नेवाशाच्या पांढरीत हे परदेशी खापर पडलेले होते. माझ्या मनात हा विचार अनेकदा येतो की, माउलींच्या श्रोत्यांपैकी कोणी शेतकरी नांगरताना असे खापर पायाने बाजूस सारीत असेल.

दुसरी दिशा पश्चिमेची, आणि ती आपली. पैठण, शेवगाव, नगर, पारनेरचे पठार, तेथून आळेफाट्याच्या अंगाने जुन्नर, आणि जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण, सोपारा ही बंदरे. आज आपण ज्याला कल्याण–नगर रस्ता म्हणतो, तो साधारण ह्याच अंगाने जातो. पाऊलवाट दर शतकात चार शेते इकडे, चार शेते तिकडे सरकते, त्यामुळे ‘ती वाट म्हणजे हाच डांबरी रस्ता’ असे कोणी म्हणू नये. पण डोंगर, खिंड आणि पाणी ह्यांच्या जागा बदलत नाहीत, आणि गाडीवानाला ह्या तिन्हींचे ऐकावे लागते.

मग पैठणचा माल जवळच्या कल्याणला न जाता दूरच्या भडोचला का जात होता? ह्याचेही कारण पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण पूर्वी कायदेशीर व्यापारपेठ होती, पण पुढे सत्ता बदलली आणि त्या बंदरात अडथळे आले. तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो लिहितो. एका बाजूला क्षहरात घराण्यातील नहपान, दुसऱ्या बाजूला सातवाहन, आणि मध्ये हे घाट. ज्याच्या ताब्यात घाट, त्याच्या ताब्यात जकात. शेवटी गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा बीमोड केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, त्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजांची लढाई झाली, ठसा बदलला. मधल्या काळात गाडीवानाला मात्र कल्याणऐवजी भडोच धरावे लागले आणि बैलांचे खूर झिजले.

नाणेघाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. घाटमाथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत अशी समजूत आहे. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आहेत आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिले ह्याची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी, सर्व आकड्यांनिशी. त्या यादीमुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात त्या भिंतीला मोठे महत्त्व आले आहे. घाटातील वाट मात्र पायऱ्यांची. तेथे गाडी उतरत नाही. म्हणजे पठारावर गाडी, जुन्नरच्या पेठेत माल उतरवायचा, तेथून बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर घाटाखाली. हमाल आणि पाठीवरचा बैल नसता तर गाडीचा उपयोग निम्म्या वाटेपुरताच होता.

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांचे लेख देणगीदारांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. तेथे राजांपेक्षा सामान्यांची दाने अधिक दिसतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणारे, कासार ह्यांच्याही श्रेणींचा उल्लेख आहे. काही दाने तर यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसांची आहेत, आणि त्यांतही पाण्याची टाकी आहेत. वाटेवर पाणी देणे हे पुण्य, ही समजूत परक्या देशातून आलेल्यालाही येथे राहून पटली होती. लेणी भिक्षूंसाठी कोरली हे खरे, पण ती घाटांच्या तोंडाशीच का, हे वाटेकडे पाहिल्यावर कळते. आपल्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या डोंगरात जे शैव लेणे आहे, ते ह्या लेण्यांनंतरचे, सुमारे सहाव्या शतकातील. तेथील सप्तमातृका आणि दारावरच्या गंगा-यमुना पाहून या, असे मी शाळकरी मुलांना आवर्जून सांगतो. तेही ह्याच वाटेच्या काठावर आहे.

यादवांचा काळ मी येथे ओलांडतो. १४९० मध्ये मलिक अहमद बहामनी सत्तेपासून वेगळा झाला. त्याचे ठाणे आधी जुन्नरला होते. १४९४ च्या सुमारास त्याने नगर शहर वसविले आणि राजधानी तेथे आणली. एका राज्याच्या दोन राजधान्या ह्या वाटेच्या दोन टोकांना आल्या आणि मध्ये आपले पठार राहिले. घोडदळ, हुजरे, वसुलीचा पैसा, सारे ह्याच अंगाने गेले असणार.

सतराव्या शतकात फ्रान्सचा जवाहिऱ्या ताव्हर्निये हिंदुस्थानात अनेक वेळा आला. त्याने मालगाड्यांच्या तांड्यांचे जे वर्णन केले आहे ते वाचून आजही अंगावर काटा येतो. एका तांड्यात शंभर ते दोनशे गाड्या असत. एकेका गाडीला दहा-बारा बैल आणि सोबत मालकाच्या पगारावरचे चार शिपाई. गाडीवरून दोन दोर आडवे टाकलेले. दोन शिपाई ह्या बाजूला, दोन त्या बाजूला, दोरांची टोके हातात धरून चालत. वाईट जागी गाडी एका अंगाला कलली की पलीकडचे दोघे दोर ताणून तिला सावरीत. अरुंद जागी गाड्यांचा तांडा आणि पाठीवर धान्य लादलेल्या बैलांचा तांडा समोरासमोर आले तर आधी कोणी जायचे ह्यावरून मारामाऱ्या होत. कारण दहा-बारा हजार बैल पुढून जाऊ द्यायचे म्हणजे दोन-तीन दिवस थांबणे आले.

हे दहा-बारा हजार बैल लमाणांचे. आपण त्यांना लमाण म्हणतो, कोणी बंजारा म्हणतात. तांड्याचा नायक, पुढे घंटा बांधलेला सजवलेला बैल, मागे बायकापोरे, कुत्री, आणि प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी. देशावरचे धान्य खाली न्यायचे, कोकणातले मीठ वर आणायचे. फौजांना दाणा पुरवणारेही तेच. १८०३ च्या ऑगस्टमध्ये जनरल वेलस्लीने नगरचा कोट आणि किल्ला चार-पाच दिवसांत घेतला, हे शाळेत शिकवतात. त्याच्या फौजेच्या पोटाची काळजी लमाणांचे बैल वाहात होते, हे शिकवीत नाहीत. मिठाशिवाय भाकरी कोणी खाल्ली नाही. तरी ज्यांच्या पाठीवरून आणि बैलांवरून ते मीठ आपल्या चुलीपर्यंत आले, त्यांच्या नावाचा एकही दगड आपल्या पंचक्रोशीत मला आढळला नाही.

त्यांचे पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट चढली. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास दौंड–मनमाड लोहमार्गाचे काम चालू होते आणि दुष्काळात होरपळलेली माणसे त्याच्या मातीकामावर राबली. १८७८ मध्ये तो मार्ग सुरू झाला. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रुळांनी पूर्व-पश्चिम जाणाऱ्या आपल्या वाटेचे महत्त्व काढून घेतले. माल नगरच्या स्थानकावर चढू लागला. लमाणांचे बैल रिकामे झाले. त्यातच १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. काही प्रांतांत बंजाऱ्यांच्या तांड्यांवरही तो शिक्का बसला. फिरणे हाच ज्यांचा धंदा, त्यांचे फिरणेच संशयास्पद ठरले. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. कल्याण–नगर रेल्वेची मागणी आपण कित्येक वर्षे करीत आहोत. ती होईल तेव्हा होवो.

गाड्या मात्र लगेच बंद पडल्या नाहीत. स्थानकापर्यंत माल कोणी तरी न्यावयास हवाच होता. माझे आजोबा भाड्याने गाडी हाकीत. बाजरी, हुलगे, कधी घोंगड्यांचे गठ्ठे घेऊन ते नगरच्या पेठेत जात. आठ-दहा गाड्या मिळून संध्याकाळी जुंपायच्या. एकट्याने जायचे नाही, हा नियम. गाडीखाली कंदील, त्याच्या शेजारी वंगणाचे नळकांडे, साट्याखाली कडब्याच्या पेंढ्या. आख कोरडा पडला की चाक कुरकुरते, आणि ते कुरकुरणे रात्री दोन कोसांवर ऐकू जाते. नवे बैल असतील तर निघण्यापूर्वी पायांना पत्र्या मारून घ्यावयाच्या. पहिल्या गाडीवर जो बसेल त्याने जागायचे. मागचे डुलक्या घेत, कारण बैल पुढच्या गाडीच्या मागोमाग आपोआप चालतात. एकदा पहिल्या गाडीवानालाच झोप लागली. कोणा खोडकराने, किंवा बैलांनी स्वतःच, पहिली जोडी फिरवली. उजाडले तेव्हा सगळा ताफा आपल्याच गावच्या वेशीत उभा होता! आजोबा ही हकीकत सांगताना पहिल्या गाडीवर कोण होते ते कधीच सांगत नसत. त्यावरून आम्ही काय समजायचे ते समजलो.

आजोबांच्या तोंडून मी डोणीचा नियमही ऐकला होता. रात्री कितीही उशीर होवो, देवळापुढची डोणी भरलेली असावयाची. मोट धरणाऱ्याची ती पाळी असे. गाडीवानांनी जाताना पालखीच्या खर्चासाठी मूठभर दाणे देवळाच्या टोपलीत टाकायचे. कोणी मोजीत नसे आणि पावतीही नसे. देवळाचा दिवा त्यावर चाले.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा माझे वय खडी फोडण्याजोगे होते. तालुक्यातले कितीतरी रस्ते त्या कामांवर झाले. आमच्या घरातल्या बायका हातांना चिंध्या बांधून खडी फोडीत. पुढे त्या खडीवर डांबर पडले, मालमोटारी आल्या आणि गाड्यांच्या चाकांच्या धावा भंगारात गेल्या. रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळाला. आधी २२२, आता ६१. आपल्या जिल्ह्याच्या नावातही २०२४ मध्ये अहिल्यादेवींचे नाव आले. चौंडीची ही लेक देशभर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधून गेली, म्हणजे वाटसरूंचीच सोय करून गेली. ते नाव ह्या वाटेलाही शोभते.

एक गैरसमज दूर करावा म्हणून सांगतो. ही वाट बंद झालेली नाही. फाल्गुनात नाथषष्ठीसाठी पैठणला जाणाऱ्या दिंड्या आपल्याच देवळात उतरतात. जुन्नरकडून येणाऱ्या वारकऱ्यांचे पाय ज्या दिशेने पडतात, ती दिशा त्या जुन्या गाड्यांचीच. काही दिंड्यांच्या रथाला आजही बैल आहेत.

आणि म्हणून डोणीविषयी दोन शब्द. सभामंडपाचा पाया घेताना ती डोणी जागेवरून काढावी लागली. सध्या ती मागे लिंबाखाली कलती पडलेली आहे. ती फोडून तिचे दगड पायरीला वापरावेत, असे बैठकीत काहींनी सुचविले. समोर मोटारी लावावयास जागा हवी, हेही त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी त्या दिवशी विरोध केला आणि आवाज थोडा चढला, त्याबद्दल संबंधितांची क्षमा मागतो. परंतु म्हणणे मागे घेत नाही. गेल्या फाल्गुनात दिंडीच्या रथाच्या बैलांना आपण प्लास्टिकच्या टबात पाणी पाजले, एका बैलाने तो टब लाथेने उलटवला, हे सर्वांनी पाहिले आहे. नव्या नळाच्या शेजारी, कुंपणाच्या आत, ह्या डोणीला दहा-बारा फूट जागा सहज निघते. मोटारींची जागा त्याने कमी होत नाही. मी स्वतः दोरीने मोजून पाहिले आहे.

दुसरी गोष्ट ह्या स्मरणिकेच्या शेवटी दिलेल्या देणगीदारांच्या यादीची. ज्यांनी रोख रक्कम दिली त्यांची नावे रकमेसह आली आहेत आणि ती यावयासच हवीत. मुंबई-पुण्यास असलेल्या आपल्या मंडळींनी हात सैल सोडला नसता तर शिखर उभे राहिले नसते. परंतु ज्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने, स्वतःच्या डिझेलने दगड, वाळू आणि पाण्याच्या खेपा केल्या, त्यांची पावती फाडलेली नसल्यामुळे त्यांची नावे यादीत नाहीत. समितीच्या अध्यक्षांशी माझे बोलणे झाले आहे. कलशारोहणानंतर देवळाच्या भिंतीवर जी शिला बसणार आहे, तिच्यावर वाहतूक करणाऱ्यांची नावे कोरण्यास त्यांनी संमती दिली आहे. अडचण एवढीच की, कोणी किती खेपा केल्या ह्याची नोंद कोणाकडेच नाही. तरी ज्यांनी खेपा केल्या त्यांनी संकोच न करता आपले नाव व खेपांचा अंदाज पुजाऱ्यांकडील वहीत पौर्णिमेपर्यंत लिहून ठेवावा. स्वतः लिहिण्याचा संकोच वाटत असेल तर शेजाऱ्याने लिहावे.